डाँकी काँगचा हरवलेला मजला

गेला दीड महिना आमच्या ऐरोलीच्या घरात रात्री साडेनऊ ते दहा ही वेळ डाँकी काँग या व्हिडिओ गेमची. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी आणि माझी लेक हॉलमध्ये सतरंजीवर बसतो आणि आळीपाळीने चान्स घेतो. ती अकरा वर्षांची, मी बेचाळीस. गेम माझ्याहूनही दोन वर्षांनी मोठा, १९८१चा.

हे परीक्षण मूळ आर्केड गेमचं, म्हणजे पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायच्या मशीनवरच्या गेमचं आहे. निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेत हॅम्स्टर कंपनीने तो जून २०१८मध्ये आणला. हे आधीच सांगायला हवं, कारण माझ्या वयाच्या बहुतेकांनी ‘डाँकी काँग’ म्हणून जो गेम खेळला तो हा नव्हे. मलासुद्धा तीस वर्षं वाटत होतं की हा गेम आपल्याला पाठ आहे.

आम्ही तेव्हा ठाण्यात किसननगरला राहायचो. बाबा वागळे इस्टेटमध्ये लेथवर होते. चाळीच्या टोकाच्या खोलीतल्या काकूंनी टीव्ही गेमचा डबा घेतला होता आणि तो त्या पोरांना तासावर द्यायच्या. तासाला पाच रुपये. दादा आणि मी अडीच-अडीच काढायचो. पिवळी कॅसेट, वर ‘६४ इन १’ छापलेलं, आत निम्मे गेम तेच ते, फक्त नाव वेगळं. अर्ध्या तासाने ॲडॅप्टर हाताला चटका बसेल इतका तापायचा. मग काकू डबा बंद करायला लावायच्या आणि ती दहा मिनिटं तासातच धरायच्या. मला ते फार लागायचं. बाकीची मुलं कॉन्ट्रा नाहीतर मारिओ लावायची. मी हट्टाने गोरिलाचा गेम लावायचे. डाँकी काँग हे नाव आमच्यापैकी कोणी घेत नसे, तो गोरिलाचा गेमच. गोरिला एका बाईला पळवतो आणि एक सुतार तिला सोडवायला मजले चढत जातो. तीन स्टेज होत्या: पिंपांची, लिफ्टची आणि खिळ्यांची. तिसरी झाली की परत पहिली, जरा जास्त वेगाने. गेम एवढाच, असं मी धरून चालले होते.

काकूंचा तो डबा म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राची नक्कल. फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ला विक्रीला आला तेव्हा त्याच्यासोबत तीन गेम होते, त्यांतला एक डाँकी काँग. पण पार्लरच्या मशीनमधला गेम घरच्या कॅसेटमध्ये बसवताना त्यातला बराच भाग गाळावा लागला. एक अख्खी स्टेज गेली. सुरुवातीचं दृश्य गेलं. प्रत्येक स्टेजआधी उंची दाखवणारा पडदा गेला. ठाण्यात आमच्या भागातल्या पार्लरमध्ये मी हे मशीन कधी पाहिलं नाही, तिथे सगळी गर्दी मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेमवर. त्यामुळे काही गाळलंय हे कळायला मार्गच नव्हता.

धाकट्या दिराने दुबईहून स्विच आणला तो लेकीसाठी. मी त्यावर हा गेम पहिल्यांदा लावला, नाणं टाकायचं बटण दाबलं, आणि समोर आलं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पडद्यावर सगळे गर्डर सरळ, आडवे, एकावर एक. गोरिला बाईला उचलून दोन उंच शिड्यांवरून वर चढतो. वर पोचतो, तिला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवतो आणि मग डावीकडे उड्या मारत जातो. प्रत्येक उडीसरशी खालचा एकेक गर्डर कलतो. धाड, एक. धाड, दुसरा. शेवटची उडी होते तेव्हा तो सगळा सरळसोट सांगाडा नागमोडी उतरंड झालेला असतो.

मी पोलादी बांधकामाची डिटेलर आहे. महापे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात अठरा वर्षं हेच काम करते: कुठला बीम कुठल्या कॉलमला किती बोल्टांनी धरायचा, भोकं किती मिलिमीटरची, प्लेट किती जाड. लहानपणी ते तिरके गर्डर मला तिरकेच ठाऊक होते. पाटीला रेघा असतात तसे ते तिथे होते. आता कळलं की ते वाकवलेले आहेत, आणि वाकवले म्हणूनच पिंपं घरंगळतात. पिंपं घरंगळतात म्हणून उडी मारावी लागते. पुढचा सगळा खेळ त्या दहाएक सेकंदांच्या दृश्यातून निघतो आणि त्यात एक अक्षरही वाचावं लागत नाही. मी ते दृश्य लागोपाठ चार वेळा पाहिलं. लेक म्हणाली, “आई, खेळ ना आता.”

याच्यामागची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यामुळे खेळाचा आकार कळतो. निन्टेन्डोचं ‘रेडार स्कोप’ नावाचं अंतराळयुद्धाचं मशीन अमेरिकेत चाललं नाही. दोनएक हजार मशीन गोदामात पडून राहिली. त्यांच्या आतला गेम बदलून ती खपवायची जबाबदारी शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकार-डिझायनरवर आली. गुनपेई योकोई त्याच्या डोक्यावर होते आणि प्रत्यक्ष प्रोग्रामिंग इकेगामी त्सुशिन्की या कंपनीने केलं. आधी पॉपाय या कार्टूनचा गेम करायचा विचार होता, पण परवानगी मिळाली नाही. मग पॉपायच्या जागी एक सुतार आला, त्याचा शत्रू ब्लूटो याच्या जागी गोरिला, त्याची मैत्रीण ऑलिव्ह हिच्या जागी एक बाई. सुताराचं नाव तेव्हा ‘जम्पमॅन’. इतक्या कमी ठिपक्यांत केस काढणं अवघड म्हणून टोपी, नाक उठून दिसावं म्हणून मिशी, हात हलताना दिसावेत म्हणून डंगरीसारखा (ओव्हरऑल) पोशाख. मारिओ हे नाव त्याला अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून मिळालं. आज जगभर ओळखला जाणारा तो चेहरा जागेच्या अडचणीतून घडलाय. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला मान असतो. कॉलमला जागा नाही म्हणून जो जोड वेगळा काढावा लागतो, तोच पुढे वीस ड्रॉइंगांत वापरला जातो.

आता खेळ.

पहिली स्टेज २५ मीटरची. खाली डावीकडे तेलाचं पिंप, वर डाव्या कोपऱ्यात गोरिला, त्याच्या डोक्यावर ती बाई. खेळणाऱ्याच्या हातात एक काठी (जॉयस्टिक) आणि एक बटण, बाकी काही नाही. पिंप जवळ आलं की उडी मारायची, शंभर गुण. पहिल्या पाच मिनिटांत वाटतं हे सोपं आहे. मग कळतं की पिंप गर्डरच्या टोकापर्यंत जाईलच असं नाही. ते मधल्या कुठल्याही शिडीवरून खाली उतरू शकतं, मोडक्या शिडीवरूनसुद्धा. तुम्हाला मोडक्या शिडीवरून वर जाता येत नाही, पिंपाला मात्र खाली येता येतं. म्हणजे शिडीला हात घालण्याआधी वर बघावं लागतं, आणि वर बघताना समोरून येणारं पिंप विसरून चालत नाही. मधूनच एखादं निळं पिंप येतं. ते खालच्या तेलाच्या पिंपात पडलं की त्यातून आगीचा गोळा बाहेर पडतो आणि तो शिड्या चढत मागून येतो. वरून पिंप, खालून आग, मध्ये तुम्ही. आणि शेजारी बोनसचे आकडे शंभर-शंभरने उतरत असतात. ते शून्यावर आले की जीव गेला.

दोन ठिकाणी हातोडा टांगलेला असतो. तो उडी मारून घेतला की पिंपं फोडता येतात, प्रत्येकी ३०० ते ८०० गुण. पण हातात हातोडा असेपर्यंत उडी मारता येत नाही आणि शिडीही चढता येत नाही. मला हा नियम सगळ्यात जास्त आवडतो. आमच्याकडे साइटवर नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतात की शिडीवर दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले हवेत. अवजार कमरेच्या पट्ट्याला, हातात नाही. डाँकी काँगच्या सुताराला पट्टा नाही. हातोडा घेतला म्हणजे तो त्या मजल्यावर अडकला. गुण हवे असतील तर थांबा, वर जायचं असेल तर हातोडा घेऊच नका. माझी लेक दर वेळी हातोड्याकडे धावते. हातोडा संपायच्या वेळी पिंप नेमकं दोन पावलांवर असतं आणि तिचं लाइफ जातं. तरी ती पुन्हा धावते. मी तिला काही सांगत नाही.

आणि आता तो मजला, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

५० मीटर. कॅसेटमध्ये नव्हती ती हीच स्टेज. सिमेंटचा कारखाना आहे: आडवे सरकते पट्टे, त्यांवरून जाणाऱ्या सिमेंटच्या घमेल्यांसारख्या पाट्या, मधोमध पेटलेलं पिंप, आणि वरच्या मजल्यावर पोचवणाऱ्या दोन शिड्या, ज्या आपोआप खालीवर होतात. शिडी खाली सरकलेली असताना तुम्ही तिच्या वरच्या टोकाशी पोचलात तर पुढचा मजला हाताला लागत नाही. गोरिलासुद्धा वर सरकत्या पट्ट्यावर उभा असतो, कधी इकडे कधी तिकडे. पट्टे मध्येच दिशा बदलतात. तुम्ही उजवीकडे चालताय, पट्टा डावीकडे नेतोय, तुम्ही जागच्या जागी पाय हलवताय आणि पाटी अंगावर येतेय. उडी मारली तर हवेत असेपर्यंत पट्टा तुम्हाला ओढत नाही, खाली टेकलात की पुन्हा ओढतो. हा फरक अंगात मुरायला मला आठवडा लागला.

पहिल्यांदा ही स्टेज आली तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. किसननगरच्या त्या खोलीत आम्ही ज्याला गोरिलाचा गेम म्हणायचो त्याच्या मधोमध हा कारखाना कायम होता, आणि आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तासाला पाच रुपये देऊन आम्ही पहिल्या मजल्यावरून थेट तिसऱ्यावर जात होतो. निन्टेन्डोने २०१०मध्ये कॅसेटच्या आवृत्तीत ही स्टेज परत घालून दाखवली, पण ती मोजक्या लोकांपर्यंतच गेली.

खरं सांगायचं तर चार स्टेजांमध्ये ही सर्वात चांगली नाही. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांवर बऱ्यापैकी मोकळा वेळ मिळतो. सरकत्या शिड्यांचं वेळापत्रक एकदा कळलं की धोका मुख्यतः आगीच्या गोळ्यांचाच. तरीही तिच्यामुळे चढण पूर्ण वाटते. २५, ५०, ७५, १००. उंची वाढतेय हे अंगाला जाणवतं, कारण प्रत्येक स्टेजआधी पडद्यावर गोरिले एकावर एक रचलेले दिसतात आणि शेजारी मीटर लिहिलेले असतात. खाली विचारलेलं असतं, ‘किती उंच जाशील?’

इथे खरेदी करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. या पॅकेजात तीन आवृत्त्या आहेत: जपानची सुरुवातीची, जपानची नंतरची आणि परदेशासाठीची. परदेशी आवृत्तीत स्टेजांचा क्रम मोडलेला आहे. पहिल्या लेव्हलला, म्हणजे स्टेजांच्या पहिल्या फेरीत, २५ मीटरनंतर लगेच खिळ्यांची स्टेज येते, दुसऱ्या लेव्हलला लिफ्टची मिळते, आणि कारखाना दिसायला तिसरी लेव्हल गाठावी लागते. मीटर तर नुसते मोजत जातात, त्यामुळे खिळ्यांची शेवटची स्टेज आधी ‘५० मीटर’ म्हणून येते. नवा खेळाडू तिसऱ्या लेव्हलपर्यंत क्वचित पोचतो, म्हणजे त्याच्यासाठी कारखाना पुन्हा हरवलेलाच. जपानी आवृत्ती लावा. तिच्यात चारही स्टेज सरळ क्रमाने येतात. मी हे न कळता पहिले चार दिवस परदेशी आवृत्ती खेळले आणि कारखाना कुठे गेला म्हणून सेटिंग चाळत बसले.

७५ मीटर, लिफ्टची स्टेज. हिच्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी मनापासून करते.

डावीकडची लिफ्ट वर जाते, उजवीकडची खाली येते. एकीवरून मधल्या भागात, तिथून दुसरीवर, मग उजवीकडच्या छोट्या छोट्या फळ्यांवरून वर. सगळ्यात वरती गोरिलाच्या बाजूने स्प्रिंगा उसळत येतात, ठरावीक टप्पे घेत, आणि उजव्या टोकाला जाऊन सरळ खाली कोसळतात. वरच्या फळीवर स्प्रिंगा कुठे टेकतात हे बघून दोन उसळ्यांच्या मध्ये उभं राहायचं, एक स्प्रिंग डोक्यावरून गेली की धावायचं आणि शिडी पकडायची. हा शेवटचा भाग अप्रतिम आहे. पाच सेकंदांचा, पण पोट आत ओढलं जातं.

तक्रार आहे ती पडण्याबद्दल. या गेममध्ये सुतार साधारण स्वतःच्या उंचीएवढा पडला तरी मरतो. नंतरचा मारिओ कितीही उंचावरून पडतो आणि चालायला लागतो, त्यामुळे लेकीला हे पटतच नाही. मला मात्र पहिल्या स्टेजवर हा नियम योग्य वाटतो. उंचीची भीती हवी असेल तर पडण्याला किंमत हवी. आमच्या क्षेत्रात पाच-सहा फुटांवरून पडून माणूस कायमचा अधू झालेला मी पाहिलाय, त्यामुळे या नियमावर मी हसणार नाही. पण लिफ्टच्या स्टेजवर तोच नियम अन्यायाचा होतो. लिफ्ट सतत हलते आहे, शेजारची फळी स्थिर आहे. दोन्हींच्या उंचीतला फरक किती झाला की मरण आणि किती असेल तर चालेल, हे डोळ्यांना दिसत नाही. दोन-चार ठिपक्यांच्या फरकाने कधी उतरता येतं, कधी जीव जातो. त्यात एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. मारली ती मारली. पिंपांवरून उडी मारताना हे चालतं, कारण पिंपाचा वेग दिसतो. लिफ्टवर खेळाडूला काय चुकलं हे कळत नाही, आणि जिथे चूक कळत नाही तिथे माणूस शिकत नाही. हा अवघडपणा नव्हे, हा दोष आहे.

१०० मीटर. आता माझ्या सगळ्यात आवडत्या स्टेजबद्दल, जरा सविस्तर.

इथे पिंपं नाहीत. पाच मजली सरळ सांगाडा, मध्यभागी वरती गोरिला, आणि गर्डरांमध्ये आठ रिव्हेट. लहानपणी आम्ही त्यांना खिळे म्हणायचो. एकेका रिव्हेटवरून चालत गेलं किंवा उडी मारली की ती निघते आणि तिथे गर्डरमध्ये फट पडते. आठही काढले की मधले मजले खाली कोसळतात, गोरिला डोक्यावर आपटतो, आणि सुतार आणि ती बाई वरती भेटतात.

रिव्हेट आता माझ्या ड्रॉइंगवर येत नाहीत. आम्ही बोल्ट लावतो, ८.८ ग्रेडचे, आणि जोड कुठे कसा घसरू शकतो याची गणितं असतात. रिव्हेट मला माहीत आहेत त्या रेल्वेच्या जुन्या पुलांमुळे. लहानपणी आजीबरोबर रेल्वेच्या जुन्या पुलांवरून जाताना मी कठड्याच्या खाली ओळीने बसलेल्या त्या गोल डोक्यांवरून बोट फिरवायचे. एक बाहेर आली तर काय होईल, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, “बाई गं, असलं बोलू नये.” गेममध्ये तेच करायचं असतं.

या स्टेजची रचना किती बारीक विचाराने केली आहे ते खेळता खेळता कळतं. काढलेल्या रिव्हेटची फट आगीच्या गोळ्यांना ओलांडता येत नाही. म्हणजे रिव्हेट काढणं हे फक्त काम उरकणं राहत नाही, तुम्ही त्याच वेळी भिंती घालत असता. कुठला गोळा कुठल्या तुकड्यात अडकवायचा हे ठरवता येतं. पण फट तुम्हालाही उडी मारूनच ओलांडावी लागते, नाहीतर त्यातून खाली पडाल. त्यामुळे रिव्हेट कुठल्या क्रमाने काढायच्या हा खरा प्रश्न. मी आधी वरच्या दोन्ही बाजूंच्या काढते आणि खाली येत जाते. लेक खालून वर जाते. आमचा यावर रोज वाद होतो आणि दोघींचेही गुण जवळपास सारखेच असतात.

बाईची टोपी, पर्स आणि छत्री ठिकठिकाणी पडलेली असते, उचलली की गुण. आणि त्या बाईबद्दल बोलायला हवं.

ती वर उभी राहून हात हलवते आणि तिच्या शेजारी ‘हेल्प’ अशी अक्षरं उमटतात. चारही स्टेजांवर तिला एवढंच काम. पहिल्या स्टेजवर एके दिवशी लेकीने पडद्याला बोट लावून दाखवलं, “आई, तिच्या पायाशी शिडी आहे.” खरंच आहे. गोरिलाच्या मजल्यावरून तिच्या फळीवर जाणारी शिडी पूर्ण आहे, मोडलेली नाही. ती उतरू शकते. सुतार तिथपर्यंत पोचावा म्हणून शिडी काढली आणि तिने ती वापरावी हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या ऑफिसात पहिली चार वर्षं मला साइटवर पाठवत नव्हते, फक्त ड्रॉइंग करायला लावायचे. “मॅडम, तिथे शिड्या आहेत.” त्या शिड्या मीच काढलेल्या असायच्या. त्यामुळे लेकीचं ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलंय. हा दोष मी माफ करत नाही, गेम कितीही जुना असला तरी. तिला पॉलीन हे नाव मिळालं. २०१७च्या सुपर मारिओ ओडिसीत ती एका शहराची महापौर झाली, ते चांगलंच. पण मूळ गेम खेळणाऱ्या मुलीला तो दिलासा दिसत नाही. एका अमेरिकी प्रोग्रामरने २०१३मध्ये आपल्या तीन वर्षांच्या मुलीसाठी कॅसेटच्या आवृत्तीत बदल करून पॉलीन सुताराला वाचवते असं केलं होतं. हे लेकीला सांगितल्यावर तिने तोच गेम मागितला. मला तो तिला देता आला नाही.

दुसरी उणीव लांबीची. चार स्टेज, मग त्याच पुन्हा. पिंपं वाढतात, आगीचे गोळे वेगाने येतात, बोनसचं घड्याळ तुमच्याविरुद्ध जातं, पण नवीन काही दिसत नाही. मारिओ खेळून मोठ्या झालेल्या मुलांना चौथ्यांदा तीच स्टेज आली की कंटाळा येणार, आणि त्यांना दोष देता येत नाही. रोज अर्धा तास हा गेम पुरतो, सुट्टीचा अख्खा दिवस पुरत नाही. मोठे खेळाडू पिंपाला कुठल्या शिडीवरून पाठवायचं हेसुद्धा काठीच्या इशाऱ्याने ठरवतात आणि १२ लाख गुणांच्या पुढे गेले आहेत. तो खेळ मला बघायला आवडतो, जमणार नाही.

आणि त्यांनाही शेवट नाही, भिंत आहे. २२व्या लेव्हलला गेम मोडतो. कारण साधं आहे. बोनसचा आकडा काढताना लेव्हलला १०ने गुणून ४० मिळवतात. २२ गुणिले १० अधिक ४० म्हणजे २६०. पण ज्या जागेत तो आकडा ठेवला आहे तिथे २५५च्या पुढचं मावत नाही, २५६ वजा होऊन उरतात ४, तेही शेकड्यांत. म्हणजे घड्याळ हजारोंऐवजी ४०० पासून सुरू होतं आणि पहिल्या दोन शिड्या चढेपर्यंत सुतार मरतो. मोजमापाचा रकाना लहान ठेवल्याने काय होतं हे मी रोज पाहते, आमच्या सॉफ्टवेअरमध्येही एकदा बोल्टांची संख्या अशीच उलटी आली होती. १९८१मध्ये कोणी इतकं पुढे जाईल असं वाटलं नसणार. तरीसुद्धा एखादा माणूस अडीच-तीन तास एकाग्र राहून तिथे पोचतो आणि त्याला जिंकायची संधीच नसते, हे मला वाईट वाटायला लावतं.

विकत घेण्याबद्दल. मी अमेरिकेच्या खात्यावरून ७.९९ डॉलरला घेतला. एका चाळीस वर्षं जुन्या गेमसाठी ही किंमत जास्त वाटेल, पण तीन आवृत्त्या, लाइफची संख्या बदलायची सोय, मध्येच थांबवून ठेवायची सोय आणि पाच मिनिटांची गुणांची शर्यत धरली तर मला ती रास्त वाटली. खेळायच्या दोन गोष्टी नक्की करा. एक, पडदा उभा करा. मूळ मशीनचा पडदा उभा होता, टीव्हीवर आडवा खेळलात तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे आणि मधला गेम लहान. आम्ही स्विचची दोन्ही हँडलं काढतो, सेटिंगमध्ये चित्र फिरवतो आणि पडदा पोह्यांच्या डब्याला उभा टेकवतो. सुतार तेव्हा खरा उंच चढतोय असं वाटतं. दोन, डावीकडची गोल काठी वापरू नका. मूळ मशीनवर चारच दिशांची काठी होती. या काठीचा कल जरा तिरका झाला तरी सुतार शिडीशी अडखळतो. त्याच्या खालची चार वेगळी बटणं वापरा. ही बटणं वापरायला लागल्यापासून माझे गुण दुप्पट झाले. नवऱ्याने लॅमिंग्टन रोडवरून चार दिशांची काठी आणि बटणं आणून लाकडी खोका करायला घेतलाय, तो अर्धवट बाल्कनीत पडलाय.

गेल्या रविवारी दादा बदलापूरहून आला होता. सोलकढी पितापिता त्याने पडदा पाहिला आणि वाटी खाली ठेवली. पहिली स्टेज त्याने एकही लाइफ न घालवता काढली. तीस वर्षांनीही त्याच्या बोटांना पिंपं आठवत होती. पडद्यावर उमटलेलं हृदय तुटलं, गोरिला बाईला घेऊन वर गेला, पुढचा पडदा आला.

“हे काय आहे?” तो म्हणाला. “हे कुठे होतं?”

मी म्हटलं, “इथेच होतं. काकूंच्या कॅसेटमध्ये नव्हतं.”

पट्ट्याने त्याला मागे ओढलं आणि पाटी अंगावर आली. तीन लाइफ त्याच्या तिथेच गेल्या. लेकीने हँडल मागितलं तर दिलं नाही, “अजून एक चान्स,” म्हणाला, अगदी तसंच, जसं त्या खोलीत म्हणायचा. शेवटच्या लोकलची वेळ होईपर्यंत त्याला ५० मीटर काही जमला नाही. पुढच्या रविवारी सकाळीच येतो म्हणालाय.